उचकीच्या ठेक्यावर

नणंद गायची, भावजय अकॉर्डियन वाजवायची आणि दोघींना त्यांच्या गल्लीपलीकडे कुणी ओळखत नव्हतं. त्या शनिवारी दुपारी त्यांना एका कॅफेत बोलावलं होतं. जागा मिळाली ती फ्रीज आणि संडासाचं दार यांच्या मधली. कुणी आत जायला उठलं, की भावजय अकॉर्डियन मिटून भिंतीला चिकटायची. गिऱ्हाइकं मोजकीच, त्यातली निम्मी पार्सलसाठी ताटकळलेली. खिडकीपाशी बसलेल्या टायवाल्या गृहस्थांनी तर आधीच बजावलं होतं, "जरा हळू गा. मी पेपर वाचतोय."

पहिलंच गाणं संथ. दुसऱ्या ओळीला नणंदेला उचकी लागली. ती पाणी प्यायली, श्वास रोखून धरला, पुन्हा सूर लावला. सूर लागतो न लागतो तोच उचकी.

"कुणीतरी आठवण काढतंय, ताई," भावजय पुटपुटली.

"आठवण काढतात मेले. तिकीट कुणी काढत नाही."

माइक चालूच होता. पार्सलवाल्यांत खसखस पिकली. नणंदेला कुठे तोंड लपवू असं झालं. पण पुढच्या उचकीवर भावजयीने अकॉर्डियनचा एक झटका दिला. उचकी, झटका. उचकी, झटका. बघता बघता संथ गाणं उड्या मारू लागलं. आतून आचारी आला आणि झाऱ्याने काउंटरवर ठेका धरून बसला. पार्सलं तयार होऊन गार झाली, तरी उचलायला कुणी उठेना. नणंदेला हसू आवरेना आणि उचकीही. डोळे पुसत ती गातच राहिली.

कडव्याच्या मध्यावर उचकी गेली. सगळे कान टवकारून बसलेले.

"थांबली?" टायवाल्यांनी विचारलं. पेपर केव्हाच घसरून खाली पडला होता.

"थांबली वाटतं," नणंद म्हणाली.

"मग तेच गाणं पहिल्यापासून होऊ द्या. आणि मोकळ्या आवाजात गा."

ती गायली. संडासाकडे निघालेला माणूस वाटेतच उभा राहिला. शेवटच्या ओळीपर्यंत एक खुर्ची सरकली नाही. टाळ्या पडल्या तेव्हा, मागे कुणी आलंय का, म्हणून नणंदेने वळून पाहिलं.

मालकाने पुढचा शनिवारही देऊन टाकला. बसथांब्यावर दोघी इतक्या हसत होत्या, की बस आली, दार उघडलं, कंडक्टरने कुठे जायचं विचारलं आणि दोघींपैकी एकीलाही सांगता येईना.