पांढऱ्या कॉलरवरचा ठिपका

ठिपका मोहरीच्या दाण्याहूनही लहान होता; कडेला गुलाबी, मध्ये गडद. पांढऱ्या कॉलरवर, नेमका शेवटच्या टाक्यापाशी.

सुई टोचली असणार, म्हणून शिंपीमास्टरांनी सगळी बोटं उजेडात धरून पाहिली. एकही टोचलेलं नव्हतं. मग नुकताच दातांनी तोडलेला दोरा पाहिला. त्याचं टोक लाल होतं.

कात्री हाताशी असली तरी दोरा दातांनीच तोडायचा, ही त्यांची जन्माची खोड. आताही त्यांनी दुसरा दोरा समोरच्या दातांत धरला आणि हिसका दिला. दोरा तुटला नाही. दात हलला.

मास्टर तोंड उघडं ठेवून तसेच बसून राहिले.

"भूत पाहिल्यासारखे काय बसलात?" पलीकडे काजं करणाऱ्या बायकोने विचारलं.

"अगं, दात..." एवढंच तोंडून निघालं.

दुपारी दातांच्या डॉक्टरीणबाईंनी हिरडीत बारीक सळई घातली. ती आत जातच राहिली.

"काका, आतलं हाड झिजलंय. एक नाही, चार दात हलतायत."

"पण कधी दुखलं नाही हो!"

"हा आजार बहुतेकदा दुखत नाही. ब्रश करताना रक्त यायचं?"

"ते सगळ्यांनाच येतं की."

"नाही येत. साखर आहे?"

"आहे जराशी."

"जराशी!" सोबत आलेली बायको उसळली. "साखरेचे डॉक्टर दोन वर्षं कानीकपाळी ओरडतायत, इन्सुलिन घ्या म्हणून. यांचं आपलं एकच, हातातलं काम उरकू दे. दिवसभर सुयांत बसणारा माणूस सुईला भितो, सांगायचं कुणाला?"

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. "साखर चढली की हिरड्यांचा आजार बळावतो. आणि हिरड्या अशा सुजलेल्या राहिल्या की साखरही आटोक्यात येत नाही. मी आतून साफ करीन, पण साखर अशीच राहिली तर हे चार जातील. मग बाकीचे."

साखर असली की पाय जपायचे, डोळे तपासायचे, एवढं मास्टरांनी ऐकलं होतं. ती गुपचूप तोंडातलं हाड पोखरते, हे त्यांच्या स्वप्नातही नव्हतं. त्यांनी जीभ दातामागे नेली. दात पुन्हा हलला.

"अगं," ते बायकोकडे न बघता म्हणाले, "त्या साखरेच्या डॉक्टरांना फोन लाव. टोचायचं तू, मी बघणार नाही. पण इन्सुलिन घेतो."