दांडीचा एकमुखी पाठिंबा

त्या सोमवारी कॉलेजात शिकणाऱ्या पूर्वीच्या दप्तरात दोन कागद होते आणि दोन्हींवर बापाची सही हवी होती. पहिला गुळगुळीत, रंगीत, वर भारताचा नकाशा आणि खाली मशाल. ऑलिंपिक आपल्या देशात भरावं, याला आमच्या कुटुंबाचा पाठिंबा आहे, असा त्यातला मजकूर. दुसरा झेरॉक्स, तोही तिरका आलेला. जिल्ह्याच्या मुलींच्या कबड्डी शिबिराला माझी मुलगी दहा दिवस पाठवायला माझी हरकत नाही, एवढंच त्यात. याच शिबिरातून राज्य स्पर्धेसाठी जिल्ह्याचा संघ निवडायचा होता, आणि बोईसरच्या त्यांच्या कॉलेजातून दोघींचीच नावं लागली होती, पूर्वी आणि हिना.

"रंगीत कागद शनिवारपर्यंत, आणि शंभर टक्के पाहिजेत," खेळाचे ज्ञानेश सर म्हणाले. "साधा मात्र गुरुवारी दुपारपर्यंत. तो चुकला तर माझ्या हातात काही नाही."

कॉलेजला त्या शंभर टक्क्यांनी झपाटलं होतं. महिनाभर कबड्डीचा सराव बंद होता, कारण मैदानावर पोरं उभी करून मशालीचा आकार साधायचा होता आणि वरून ड्रोनने फोटो काढायचा होता. जिल्ह्यातली सगळ्यात चपळ चढाई करणारी पूर्वी त्या मशालीच्या दांड्यात तिसऱ्या रांगेत पुतळ्यासारखी उभी राहायची. हलली की सर ओरडायचे.

दुसऱ्या कुठल्याही गावात बापाने जेवता जेवता दोन्ही सह्या ठोकल्या असत्या. पण हे गाव दांडी, पालघरच्या किनाऱ्यावरचं. पूर्वी जन्मली त्याच्याही आधी कुणी एक साहेब हजेरीच्या नावाखाली सह्या घेऊन गेला आणि पुढे त्याच सह्यांच्या जोरावर मासळी सुकवायची निम्मी जागा कुंपणात गेली. तेव्हापासून गावाने कानाला खडा लावला. बाहेरच्या कागदावर एकट्याने सही करायची नाही. आधी गावकीत वाचायचा, मग हात वर, मग सही. आणि सध्या गावकीचा अध्यक्ष होता खुद्द पूर्वीचा बाप, शांताराम.

"दोनी कागद बैठकीत घेऊ," तो म्हणाला.

"बाबा, दुसरा माझा एकटीचा हाय. नी गुरुवारी द्याचा हाय."

"पन सही माझी हाय नी? अध्यक्षच नियम मोडाला लागला तर उद्या कोन ऐकल?"

पूर्वी आईकडे वळली. आईने चुलीवरचं कालवण ढवळत सांगून टाकलं, "गावकीत जानाऱ्या कागदाला मी हात नाय लावनार बाय."

मंगळवारी दुपारी चारला समाजमंदिरात बैठक बसली. सरकारी मराठी वाचायला पूर्वीलाच उभं केलं. 'यजमानपद' या शब्दापाशी रामू नाखव्याने तिला अडवलं.

"म्हंजे पावणे आपल्याकडं जेवनार?"

"तसंच काय तरी."

"मग शिडाच्या होड्यांची शर्यत दांडीला लावा. वारा हितं हाय, दर्या हितं हाय."

यावर पाऊण तास वाद रंगला. शर्यतीच्या होड्या जाळ्यांवरून गेल्या तर काय, भरपाई कोण देणार, झेंडे लावायचे तर कुठे. शेवटी ठरलं, जाळी जिथे असतील तिथे शर्यतवाल्यांनी वळसा घालावा. मग बोईसरच्या बाजारात मासळी विकणारी सोजराबाई उठली. परदेशी पाहुण्यांना मासळी खिलवायची तर ती गावच्या बायांकडूनच घेतली पाहिजे, अशी अट तिने घालायला लावली. खाली बसता बसता तिने विचारलं, "पूर्वी, तुजी कबड्डी हाय का गो त्यात?"

"नाय."

"मग कसला डोंबलाचा खेळ? लिवा, कबड्डी घ्या म्हनून."

तीन अटींसह ठराव झाला, सगळ्या गावाने हात वर केले आणि शांतारामने खाली सही केली. खरं सांगायचं तर पूर्वीचाही ऊर भरून आला. दांडी गाव उभ्या जगाच्या खेळांसाठी एकमुखाने उभं राहत होतं, आणि मघाशी तिच्या कबड्डीसाठीही बोललं होतं. तिने उमेद धरून दुसरा कागद काढला.

"विषय दोन, गुरुवारची मुदत..."

तेवढ्यात खाडीकडून हाक आली की भरती लागली. दर्याला कुणाचा ठराव कळत नाही. माणसं धोतर-लुंग्या झटकत उठली, बोटी पाण्यात लोटायची घाई झाली. शांताराम जाता जाता म्हणाला, "फुडच्या बैठकीत पैला विषय तुजाच." आणि तो जो समुद्रात गेला तो शुक्रवारी परतला.

गुरुवारी दुपारी पूर्वी बिनसहीचा कागद घेऊन सरांसमोर उभी राहिली. सर हळू आवाजात म्हणाले, "तूच कर की सही. कोण बघतंय?" तिने पेन हातात घेतलं आणि परत ठेवलं. अध्यक्षाची मुलगी पडली. बापाची शिस्त नको त्या वेळी आडवी आली. तिच्या जागी दुसरीचं नाव लागलं. ती घरी येऊन पालथी पडून रडली.

इकडे शुक्रवारी कॉलेजात आनंदीआनंद. अख्ख्या गावाचा ठराव जिल्ह्यात दुसऱ्या कुणीच आणला नव्हता! तो नव्याने टाइप करताना तिन्ही अटी तेवढ्या गाळल्या. शनिवारी पालघरला होणाऱ्या ऑलिंपिक-पाठिंब्याच्या कार्यक्रमात दांडीची खेळाडू म्हणून पूर्वीने बोलायचं ठरलं. ट्रॅकसूट कॉलेजचा, कार्यक्रमानंतर धुऊन परत करायच्या बोलीवर. भाषण ज्ञानेश सरांनी लिहिलेलं.

"मी आज जी काही आहे," तिने माइकसमोर वाचलं, "ती माझ्या वडिलांच्या पाठिंब्यामुळे. त्यांनी मला कधीही अडवलं नाही." पुढचं वाक्य न वाचता तिने कागदाची घडी घातली. सभागृहाला वाटलं, पोरगी गहिवरली. टाळ्यांचा कडकडाट झाला. पहिल्या रांगेत इस्त्रीचा शर्ट घातलेला शांताराम रुमालाने डोळे पुसत होता.

बाहेर आल्या आल्या त्याने हात पुढे केला. "दे तो कागद. गावकी गेली खड्ड्यात. आता करतो सही."

"गुरुवारी मुदत गेली, बाबा."

"मग आदी नाय का सांगाचा?"

"सोमवारी सांगलेला. मंगळवारी पन सांगलेला."

शांतारामचा चेहरा पडला. तो काही बोलणार, इतक्यात आयोजकांपैकी एकाने दोघांना फलकासमोर ओढलं. "बाबा, मुलीच्या खांद्यावर हात ठेवा. हां, असा. हसा जरा!" बापाचा खरखरीत हात खांद्यावर पडला. पूर्वीला त्याचा संताप आला होता आणि त्याची कीवही येत होती. फोटोत मात्र दोघं छान हसली.

मंगळवारी शिबिरातून हिनाचा फोन आला. शांताराम त्या दिवशी बोटीवर गेला नव्हता. ओट्यावर जाळं शिवत बसला होता.

"अगं, इथे जेवायच्या हॉलमध्ये तुझा फोटो लावलाय! केवढा मोठा! तू आणि तुझे बाबा. खाली लिहिलंय, 'मुलीच्या पाठीशी उभा बाप.' आम्ही सगळ्या रोज त्याच्यासमोर जेवतो."

"बरा आलाय का?"

"एकदम भारी. कोच मॅडम विचारत होत्या, एवढा घरचा पाठिंबा असलेली मुलगी शिबिराला का नाही आली म्हणून. काय सांगू?"

ओट्यावर जाळ्यातली सुई थांबली होती. पूर्वीने तिकडे पाहिलं, मग फोन दुसऱ्या कानाला लावला.

"सांग, पाठिंबा द्यायला थांबली."