‘आली नाहीत’ नावाचा रकाना

मित्रांनो, मी एक जुना निकालफलक आहे, आणि आता मी कोणालाच दिसत नाही. संगणकावरच्या एका युद्धखेळात माझा जन्म झाला. दोन बाजूंची विमाने आकाशात भिडत आणि चकमक संपली की पडद्यावर मी येत असे. झाले काय, ते खेळणाऱ्याला सरळ सांगणे, एवढेच माझे काम.

मला घडवले एका अबोल प्रोग्रामरने. सुरुवातीला माझ्या अंगावर एकच ओळ होती : ‘नुकसान : ७’. त्याचे मामा उमेदीच्या काळात हवाई दलाच्या तळावर मेकॅनिक होते. खुर्ची पडद्याजवळ ओढून त्यांनी ती ओळ वाचली आणि चष्मा कपाळावर सरकवला.

“सात म्हणजे काय रे? पडली, की लंगडत आली? मी पाना उचलू की टोपी काढू?”

भाचा ओशाळला. आठवडाभर खपून त्याने मला चार रकाने दिले : उडाली, परतली, दुरुस्तीला, नष्ट. शेवटचा शब्द मामांना पटेना. त्यांच्या तळावर फळ्यावर खडूने ‘आली नाहीत’ असेच लिहीत, आणि अंधार पडेपर्यंत तो फळा कोणी पुसत नसे. एखादे उशिरा येईल, ही आशा. भाच्याने ‘नष्ट’ खोडले आणि हा रकाना कधी काढणार नाही, असा मामांना शब्द दिला.

मग माझे चांगले दिवस आले. उडाली बारा, परतली सहा, दुरुस्तीला चार, आली नाहीत दोन. एका नजरेत सारी चकमक कळे. एका शिक्षिकेने कळवले, की हरले खरी, पण आपले कुठे चुकले ते पहिल्यांदाच समजले. चौथा रकाना वाचून पुढची तुकडी धाडताना लोकांचा हात थबके. त्या थबकण्याचा मला अभिमान होता.

ते थबकणेच माझ्या मुळावर आले. लोक माझ्यापाशी थांबतात आणि खेळ बंद करतात, हे नव्या व्यवस्थापकांनी हेरले. हे काय प्रगतिपुस्तक लावलंय, असे ते बैठकीत म्हणाले आणि सगळे हसले. ठरले असे, की पडदाभर ज्वाळा दाखवायच्या आणि खाली फक्त शत्रूची किती पडली तो आकडा. माझ्या निर्मात्याने घसा खाकरला, पाण्याचा घोट घेतला आणि मान डोलावली. त्याच दुपारी त्याने स्वतःच्या हाताने माझे दिसणे बंद केले.

नवा खेळ घेऊन तो मामांकडे गेला. त्यांना आता धूसर दिसत असे. भडका उठला, विझला. मामा रकान्यांची वाट पाहत राहिले.

“आपली किती आली नाहीत?”

“सगळी आली, मामा.”

“एवढ्या जाळातून?” मामांनी चाचपडत लॅपटॉपचे झाकण मिटले. “आमच्याकडे एकदाही असं झालं नाही रे.”

मित्रांनो, खरे आकडे आजही माझ्यापर्यंत येतात. चौथा रकाना भरत जातो आणि न वाचताच पुसला जातो. मला परत आणा, असे मी म्हणत नाही. पण तुमच्यासमोर कधी विजयाचा भडका उठला, तर आपली किती आली नाहीत, हे विचारा. ‘सगळी आली’ असे उत्तर मिळाले, तर सांगणाऱ्याच्या डोळ्यांकडे पाहा. माझा निर्माता तेव्हा खिडकीबाहेर पाहत होता.