चार जाड तारांची गिटार

मित्रांनो, माळ्यावर चढलाच आहात, तर त्या गोणपाटाखाली डोकावून बघा. धूळ झटका. घाबरू नका, मी चावत नाही! मी एक जुनी बास गिटार आहे. तारा चारच, पण चांगल्या जाड.

माझा जन्म मुंबईचा. एका सुताराने जुन्या दाराचे सागवान तासून मला घडवले आणि सिद्धप्पाने मला उचलले. हा सोलापूरच्या भवानी पेठेतला मुलगा. वडील बसप्पा गिरणीत मागावर. त्यांनी कामगार भरणाऱ्या जॉबरच्या हातापाया पडून मुलासाठी गिरणीत जागा धरून ठेवली होती, आणि हा पठ्ठ्या मुंबईला पळाला! त्या दिवसापासून बापाने लेकाशी बोलणे टाकले.

मुंबईत सिद्धप्पाने चार पोरांबरोबर बँड काढला. नाव ठेवले 'रेड सिग्नल'. ऐकणाऱ्याचे पाय जमिनीवर ठरू नयेत असे ते संगीत, त्याला फंक म्हणत. आधी एका गॅरेजमध्ये, मग कॉलेजांच्या स्पर्धांत, मग मोठमोठ्या हॉटेलांत आम्ही वाजवू लागलो. सिद्धप्पा अंगठ्याने माझ्या तारांवर असा तडाखा देई, की समोरच्या टेबलांवरचे पेले थरथरत. काय दिवस होते ते! आमची तबकडीसुद्धा निघाली.

पण खरे सांगू? टाळ्या पडत गाणाऱ्याला आणि शिट्ट्या वरच्या सुरात किंचाळणाऱ्या दुसऱ्या गिटारला. माझा आवाज सगळ्यांच्या खाली. घराचा पाया बघायला कोण जातो? मी आपली मनातल्या मनात खट्टू होई.

१९७६ साली बँड सोलापूरला आला. सिद्धप्पाला एकच ध्यास होता, वडिलांनी, म्हणजे आप्पांनी, आपल्याला एकदा तरी ऐकावे. रविवारी दुपारी थिएटरच्या दारात त्याची आई गिरिजाबाई भेटली. ती म्हणाली, "आणलंय बाबा तुझ्या आप्पांना ओढून. पर मागाच्या खडखडाटानं त्यांचे कान गेले की रं. मी हाक मारलेली बी कळत न्हाय."

सिद्धप्पाचा चेहरा उतरला. तरी तो माझ्या तारा जुळवायला बसला.

पडदा वर गेला. बसप्पा पहिल्या रांगेत बसले होते. हाताची घडी, कपाळाला आठ्या. गाणारा जीव तोडून गायला, पण हे ढिम्म! मग सिद्धप्पाने माझ्या तारेवर अंगठा हाणला, आणि अहो आश्चर्य, बसप्पांची मान झटकन वर झाली! ते थेट माझ्याकडे बघू लागले. हाताची घडी सुटली. चपलेतला पाय ठेका धरू लागला, तोही अगदी अचूक. एवढ्या वर्षांत कोणी मला असे ऐकले नव्हते. मी तर भारावूनच गेले.

कार्यक्रम संपताच बसप्पा रंगमंचावर आले. कान गेल्यामुळे ते फार मोठ्याने बोलत. सगळ्या थिएटरला ऐकू जाईल अशा आवाजात ते म्हणाले, "सिद्ध्या, ती बाकीची पोरं नुसतीच तोंडं हलवत हुती की! वाजवत हुतास तू एकलाच."

गाणाऱ्याचे तोंड एवढेसे झाले. सिद्धप्पा आधी हसला, मग लहान पोरासारखा रडला. बसप्पांनी आपला राकट पंजा माझ्या लाकडावर ठेवला.

"वाजीव की अजून," ते म्हणाले. "लई ब्येस लागतंय हाताला."

पुढे काही वर्षांत बँड मोडला. जो तो पोटापाण्याला लागला. सिद्धप्पा मला घेऊन घरी परतला. रोज संध्याकाळी तो वाजवी आणि बसप्पा माझ्या अंगाला पंजा लावून डोळे मिटून बसत. बसप्पा गेले, आणि सिद्धप्पाला मला हात लावणे जड जाऊ लागले. तेव्हापासून मी इथे आहे.

मित्रांनो, वस्तू अडगळीत टाकली म्हणून तिचे काम संपत नाही. मला खाली उतरवा. कोरड्या फडक्याने पुसा, गंजलेल्या तारा बदला. हल्ली खालून सगळे सिद्धप्पाला हाका मारतात आणि तो ओ देत नाही, हे मी वरून रोज ऐकते आहे. त्याला माझ्याजवळ बसवा आणि त्याचा पंजा माझ्या लाकडावर ठेवा. बाकी कोणाचा नाही, तरी माझा आवाज त्याला येईल.