कचरा हे नाव

मी एक जुने नाव आहे, मित्रांनो, आणि मला घेऊन आता कोणी हाक मारत नाही. मी 'कचरा'. हसू आले असेल तर हसून घ्या, मला सवय आहे. मुलगी मोठी झाली की मी कचराबाई होते, लाडात कचरी, मुलगा असला तर कचरू. काही गावांत मला उकंडाबाई म्हणतात. शब्द निराळे, अर्थ एकच: टाकून दिलेली. पण ज्या घरांनी मला ठेवले, त्यांनी लेकरू कधीच टाकले नव्हते.

दरेकशाजवळच्या एका जंगलगावात जमुनाची आधीची लेकरे पाळण्यातच गेली होती. पुढे मुलगी झाली, तेव्हा सुईणीने तिला सुपात घालून उकिरड्यावर ठेवले आणि मोठ्याने म्हणाली, "नाई पायजे आमाले हे पोरगी." ते काळाला ऐकू जावे म्हणून. टाकलेल्या वस्तूवर त्याची नजर पडत नाही, असे जुनी माणसे मानत. शेजारणीने पोर उचलली आणि जमुनाने पसाभर तांदूळ देऊन आपलीच लेक परत घेतली. लेक घेण्याच्या घाईत अर्धे तांदूळ मातीत सांडले. मग तिने लेकीच्या कानात मला सांगितले.

पोर जगली. शाळेत जाऊ लागली आणि तिथे माझे हाल सुरू झाले. हजेरी घेताना गुरुजी विचारत, "कचरा आत आहे की बाहेर?" सगळा वर्ग हसे. एकदा ती घरी आली आणि दप्तर फेकून आईला म्हणाली, "माहा नाव काऊन असा ठेवलीस?"

"तू जगावी मनून."

"जगलो ना मी? मंग बदल आता."

"बदललो अन् त्याले समजला तं?"

जमुनाला अजून काळाची भीती होती. पोरीला गुरुजींची. दोघींच्या मध्ये मी अडकून पडले.

लग्न फुलचूरच्या चंद्रकुमारशी झाले. तो राईस मिलमध्ये कामाला. त्याने ताटातल्या तांदळात अंगठीने 'संध्या' लिहिले आणि ती मोकळेपणी हसली. मला राग आला नाही. आला असता तरी ऐकायला कोण होते?

नातीच्या बारशाला जमुना गाडीने आली. अंगणात शेजारणी जमल्या होत्या. दारातूनच तिने हाक मारली, "कचरी, ये कचरी."

"किसको बुला रही हैं?" एका बाईने विचारले.

संध्या बाहेर आली. "इथं कचरी नाही कोणी," ती आईला म्हणाली.

जमुना कोपऱ्यात जाऊन बसली. बाळाचे नाव कियारा ठेवले. ती हळूच म्हणाली, "त्याचा अर्थ काय होते, बाई?" लेकीला ती 'बाई' म्हणाली.

"मालूम नाही. मोबाईलवर पाहिलो. चांगला वाटते."

निघताना जमुनाने नातीला जवळ घेतले आणि तिच्या कानाशी तोंड नेले. मी तिच्या ओठांवर आले होते. तेवढ्यात संध्याने बाळ ओढून घेतले. "तिले ते नाव लावू नको, सांगून ठेवतो."

जमुना परत गेली. फुलचूरला ती पुन्हा आली नाही आणि तिला कोणी बोलावलेही नाही.

पुढच्या उन्हाळ्यात ती तापाने गेली. संध्या पोचली तेव्हा माती झाली होती. मामा उदेभान ओसरीवर बसला होता. "तुलेच बोलावून राहिली होती," तो म्हणाला.

"काय मनून बोलावत होती?"

उदेभानने मान खाली घातली. भाचीला माझा राग येतो, हे त्याला ठाऊक होते. "संध्या मनून," तो म्हणाला.

आईने आयुष्यात एकदाही ते नाव घेतले नव्हते. मामा खोटे बोलतो आहे, हे तिला कळले. पण खरे काय ते सांगा, असे तिच्या तोंडून निघाले नाही.

मित्रांनो, आजकाल मोबाईलवर मुलींच्या नावांचे अर्थ मिळतात. मी त्यांत नाही, आणि मला परत आणा असे मी म्हणत नाही. तुमच्या वर्गात एखादे ओंगळ नाव आले, तर हसण्याआधी एवढेच विचारा, की ते ठेवताना त्या घरात कोण रडत होते.