गोठ्याची भिंत

दारं-खिडक्या काढून नेलेल्या घराच्या उंबऱ्याबाहेर भिमाजीने चपला काढल्या, तेव्हा घरमालक अण्णासाहेबांना हसूच आलं. "आरं, घरात घर ऱ्हायलं न्हाई, अन् चपला कसल्या काढतोस? ये आत."

भिमाजी आत आला. चाळिशी उलटली, पण या घराचा उंबरा त्याने आजच पहिल्यांदा ओलांडला. आणि ओलांडला तो कधी, तर उद्या मशीन येऊन घर भुईसपाट करणार तेव्हा. वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच.

भोसरीच्या या अंगाच्या जमिनी कारखान्यांसाठी गेल्या होत्या. माणसं नव्या जागेत राहायला गेली, घरं ओस पडली. ओढ्यापलीकडची भिमाजीची वस्तीही उठली. तो आता पिंपरीच्या एका कंपनीत लेथवर होता. सुटीच्या दिवशी गळ्यात डबडा कॅमेरा अडकवायचा आणि या ओसाड घरांतून फोटो काढत फिरायचा. शिफ्टमधले दोस्त टिंगल करायचे, की लोक बायकापोरांचे फोटो काढतात आणि हा गडी पडक्या भिंतींचे काढतो, एकदा डॉक्टरला दाखवा याला.

भिमाजी हसून सोडून द्यायचा. खरं काय ते फक्त त्याच्या बायकोला, मंजुळाबाईला ठाऊक होतं. आई शालनबाई जाऊन नऊ वर्षं झाली होती आणि तिचा एकही फोटो नव्हता. जिवंतपणी कुणाला सुचलं नाही, सुचलं तेव्हा आई नव्हती. पण इथल्या घरांच्या बाहेरच्या भिंती आणि गोठे तिनेच लिंपलेले. काम संपलं की ओल्या मातीवर, खालच्या कोपऱ्यात, ती आपला उजवा पंजा उमटवायची. "सही येत न्हाई मला, मग ह्योच माजा पंजा," म्हणायची. करंगळी उसाच्या चरकात गेलेली, म्हणून बोटं चारच. तो पंजा शोधत भिमाजीने दोन महिने घरं पालथी घातली होती. बाहेरचे सगळे पावसाने धुऊन नेले होते, गोठ्यांतले गुरांनी अंग घासून पुसले होते, आणि घरांच्या आत तर तिला कुणी घेतलंच नव्हतं.

आज अण्णासाहेबांनी निरोप धाडला होता, की पाडायच्या आधी माझं घर तेवढं फोटोत घे. रोल बारा फोटोंचा. सोपा झाला, माजघर झालं, चुलीची जागा झाली. अकरा संपले. बारावा देवघराचा ठरला होता, अण्णासाहेबांच्या वडिलांनी तिथंच प्राण सोडला होता. देवघराकडे वळण्याआधी भिमाजी अंगणात आला आणि त्याने सवयीने कडेच्या गोठ्यात डोकावलं.

गव्हाणीखालच्या अंधारात, हाताला लागेल असा, तो होता. चार बोटांचा पंजा. भिमाजी मटकन खाली बसला.

अण्णासाहेब मागून आले. वाकून त्यांनी बोटं मोजली आणि हलकेच म्हणाले, "शालनचा हात हाय ह्यो." मग म्हणाले, "बसलास काय? काढ की फोटो."

"उजेड न्हाई अण्णा. अंधारात काय उठत न्हाई ह्या डबड्याला. अन् एकच उरलाय, त्यो तुमच्या देवघराचा."

अण्णासाहेब तसेच वळून बाहेर गेले. म्हातारा दुखावला, असं भिमाजीला वाटलं. तेवढ्यात वर खडखड झाली. सत्तरीचा माणूस, धोतराचा काचा मारून गोठ्याच्या भिंतीवर चढला होता आणि एकेक कौल उचलत होता. वर्षभर ज्याने या घराच्या कौलाला कुणाला हात लावू दिला नव्हता, तो. आणि काढलेलं कौल फुटू नये म्हणून जपून बाजूला ठेवत होता, उद्या सगळ्याचा चुरा होणार होता तरी.

उन्हाचा पट्टा सरकत सरकत पंजावर आला. वरून आवाज आला, "दिसतंय का रं आता?"

"दिसतंय. पण अण्णा, तुमचं देवघर?"

"देव मी संगं नेल्यात. माज्या वडलांचा फोटो हाय घरात. तुज्या आईचा हाय का?"

भिमाजीच्या डोळ्यांना धार लागली. या घराने आईला गोठ्यापुढे कधी येऊ दिलं नव्हतं, हे तो विसरला नव्हता. मरेपर्यंत विसरणार नव्हता. पण वर उन्हात उभ्या असलेल्या त्या म्हाताऱ्याचे उपकार त्याच्या काळजाला भिडले, तेही तितकेच खरे. दहा फुटांच्या आतलं या कॅमेऱ्यात स्पष्ट उठत नाही, म्हणून तो पाठ टेकेपर्यंत मागे सरला, बाहीने डोळे पुसले, श्वास धरला आणि खटका दाबला.

तो फोटो आता भिमाजीच्या खोलीत भिंतीवर आहे. पंजा तुरीच्या दाण्याएवढाच आलाय. नवखा माणूस घरी आला की हमखास विचारतो, मोकळ्या भिंतीच्या फोटोला हार कशाला घातलाय?

भिमाजी त्याला जवळ बोलावतो आणि काचेवर बोट ठेवतो.

"ही माझी आई," तो म्हणतो. "मोजा, चार बोटं आहेत."