काट्यावर न चढलेले साहेब

हेलिपॅडच्या दारात मी वजनकाटा घेऊन बसायचे. डोंगरापलीकडच्या धरणावर जाणारा माणूस असो की त्याची छत्री, आधी माझ्या काट्यावर. हेलिकॉप्टर चालवायचा माझा धाकटा भाऊ, आणि खिंडीत वारा वरून असा कोसळतो की दहा किलो जास्त झाले तरी जीव टांगणीला लागतो. "बूट काढू का?" असं कोणी विचारलं की मी म्हणायचे, "का, बूट इथेच ठेवून जाणार आहात?"

अशा तोंडाळ बाईने त्या दिवशी शेपूट घातलं! कंपनीचे मोठे साहेब आले होते, मागे पाचसहा जण हांजी हांजी करत. मी काट्याकडे बोट दाखवलं, तर म्हणतात कसे, "मी काय बटाट्याचं पोतं आहे? लिहा, ऐंशी." सगळे खो खो हसले. ऐंशी म्हणे! डोळ्यांना धडधडीत दिसत होतं. तरी मी ऐंशी लिहिलं, खाली सही ठोकली आणि कागद भावाच्या हातात दिला. त्या आकड्यावर त्याने इंधन भरलं.

खिंडीपाशी वाऱ्याने त्यांना खाली दाबलं. इंजिनाचा होता नव्हता तो जोर लावला तरी उंची कमीच होत होती. भावाने डोंगराशी झटापट केली नाही. नाक दरीकडे वळवलं, वेग धरला आणि नदीकाठच्या रेतीत आदळत का होईना, उतरवलं. हेलिकॉप्टरचे पाय वाकले, साहेबांचा चष्मा फुटला. माणसं सगळी धड.

याबद्दल पाठ थोपटायची सोडून चौकशी लावली! साहेब खुशाल म्हणाले, "वैमानिकाला वाऱ्याचा अंदाज आला नाही." कागदावर वजन नियमात, मग दोष त्याचाच. लायसन्स रद्द होणार, हे जवळजवळ ठरलंच होतं. भाऊ मान खाली घालून बसला होता. चौकशी अधिकाऱ्याने माझी सही दाखवून विचारलं, "हे वजन तुम्ही केलंत?"

नुसतं हो म्हटलं असतं तर माझी नोकरी राहिली असती. पण डोक्यात अशी तिडीक गेली!

"केलं नाही, ऐकलं," मी म्हणाले. "सही माझीच, पण आकडा खोटा आहे. मला काढा, पण याच्या माथी खापर फोडू नका." तशीच तरातरा गेले, काटा उचलून आणला आणि साहेबांच्या पायाशी आपटला. "चढा साहेब. आज तरी चढा."

"हा काय तमाशा आहे?"

"चढा," अधिकारी म्हणाला.

एकशे सोळा. त्या दिवशी मांडीवर घेतलेली बॅग वेगळीच.

लायसन्स वाचलं. माझी नोकरी गेली, गेली तर गेली. साहेब मात्र नवा चष्मा लावून त्याच खुर्चीत आहेत, आणि ते आठवलं की अजून माझ्या अंगाचा तिळपापड होतो.

घरी येताना भाऊ गाडीत अवाक्षर बोलला नाही. दारापाशी मीच चिडून म्हणाले, "अरे, वाचवलं ना तुला? दोन शब्द तरी बोलशील!"

त्याने गाडी बंद केली.

"असे साहेब खोटं बोलणार, हे मला ठाऊकच होतं," तो म्हणाला. "म्हणून तर तुला दारात बसवलं होतं, ताई."